झीलकऱ्याच्या जागेवरून शेवंताताई

आदरणीय शेवंताताई ओव्हाळ यांना पंचाहत्तर वर्षं पूर्ण होत आहेत. त्यानिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथात मीही चार शब्द लिहावेत असं समितीनं सांगितलं, तेव्हा मी आधी नाहीच म्हणालो. माझी शाळा सातवीपर्यंत. पुढचं जे काही आलं ते कंपनीच्या नोटीस बोर्डावर, वाचनालयाच्या बाकावर आणि ताईंच्या मागं उभं राहून आलं. मी ताईंचा झीलकरी. गाणारा ओळ टाकतो आणि मागचे दोघंतिघं ती उचलून धरतात, त्या मागच्यांपैकी एक. झीलकऱ्याला गाणाऱ्याचं तोंड दिसत नाही. मान दिसते, अंबाडा दिसतो, दम घेताना खांदे वर होतात ते दिसतं. तेव्हा माझ्याकडून ताईंचं वर्णन पाठीमागूनच होणार, हे वाचणाऱ्यांनी समजून घ्यावं.

ताईंची आणि माझी पहिली ओळख मयताच्या घरी झाली. आमच्या प्रेस शॉपमधला, म्हणजे पत्रा दाबून कापायच्या खात्यातला, सीताराम गेला होता. प्रेसमध्ये पत्रा अडकला म्हणून त्यानं आत हात घातला, वाकून बघितलं. प्रेस एका दाबाला एकदाच पडायला पाहिजे. त्या दिवशी ती दोनदा पडली. यापेक्षा जास्त मी आजही लिहू शकत नाही.

आमच्याकडं माणूस गेल्यावर काही दिवसांनी पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम असतो. बुद्धवंदना होते, चार माणसं दोन शब्द बोलतात, मग गाणं होतं. सीतारामचा कार्यक्रम थेरगावात त्याच्या खोलीपुढच्या गल्लीत ठेवला होता. पहिली शिफ्ट सुटून माणसं थेट तिथंच आलेली, कुणाच्या खिशात गेटपास, कुणाच्या हातात रिकामा डबा. ताई मात्र सकाळपासूनच येऊन सीतारामच्या बायकोजवळ, कलावतीबाईंजवळ बसल्या होत्या. मला वाटलं धीर देत असतील. पाणी न्यायला आत गेलो तर वेगळंच ऐकलं.

"कामावरनं आला की आधी काय करायचा गं?" ताई विचारत होत्या.

कलावतीबाई भिंतीकडं बघत बसलेल्या. सीताराम गेल्यापासून त्या रडल्या नव्हत्या. बायका काळजीत होत्या, की हिला कसं तरी रडवलं पाहिजे.

"सांग की. चप्पल कुठं काढायचा?"

"आत यायच्या आधीच..." कलावतीबाई म्हणाल्या. "आधी घंटी वाजवायचे."

"कसली?"

"सायकलची. गल्लीच्या तोंडाला. दोनदा. मग मी तवा टाकायची."

"बरं," ताई म्हणाल्या आणि उठल्या.

कार्यक्रम सुरू व्हायच्या आधी कंपनीचे एक साहेब आले. हार घालून झाल्यावर ताईंना बाजूला घेऊन म्हणाले, "बाई, तुमच्याबद्दल ऐकलंय. छान गाता. फक्त गाण्यात मशीनचं नाव तेवढं घेऊ नका. विषय नाजूक आहे."

ताई म्हणाल्या, "न्हाई घेत, साहेब. नाव कशाला घ्यायचं?"

मग गर्दीकडं वळून त्यांनी मोठ्यानं विचारलं, "प्रेस शॉपवालं कोण हाय हितं?" मी हात वर केला. "प्रेस वाजती कशी?" मला सुचेना. मी घशातून जसा निघाला तसा आवाज काढला. ताईंनी बोटानं मागची जागा दाखवली. म्हणाल्या, "या, मागं उभं ऱ्हावा. मी मान हलवली की तेवढंच वाजवायचं. दोनदा. तिसऱ्यांदा न्हाई."

त्या दिवशी ताईंनी गायलेली ओळ थेरगावात आजही अनेकांना पाठ आहे:

*घंटी वाजली वळणावर गं, वाजली दोन वेळा,*
*ताट वाढून बसली कला, धनी न्हाई आला.*

ताईंनी मान हलवली. मी दोनदा आवाज काढला. साहेब खुर्चीतून उठून गेले. आणि आतल्या खोलीतून कलावतीबाईंचं रडणं ऐकू आलं. मी आयुष्यात बरंच रडणं ऐकलं, पण जे ऐकून गल्लीतल्या बायकांनी हुश्श केलं, असं ते एकच.

तेव्हापासून मी ताईंच्या मागं उभा आहे.

ताईंचं माहेर चाकणजवळच्या एका खेड्यात, सासर मोशीला. गाणं घरातलं नव्हे. त्या गायला कशा लागल्या, हे त्यांनी मला एकदाच सांगितलं, तेही टेम्पोत बसून, कार्यक्रमाला जाता जाता. त्यांचे यजमान भोसरीच्या एका फाउंड्रीत साच्यावर काम करत. वाळू आणि धूळ छातीत बसली आणि खोकून खोकून गेले. त्यांच्या पुण्यानुमोदनाला नावाजलेला गायक बोलावला होता. गायकाचे त्या दिवशी दोन कार्यक्रम होते. घाईत त्यानं यजमानांच्या जागी दुसऱ्याच मयताचं नाव घेतलं.  ताई बायकांतून उठल्या, गायकाला हातानं थांबवलं आणि डोक्यावरचा पदर न काढता स्वतः गायल्या. यजमानांचं नाव, त्यांचं खातं, आणि वाळूनं भरलेले खिसे ते दारातच कसे झटकायचे ते.

ताई म्हणाल्या, "भाऊ, माणूस मेला त्याचं दुःख होतंच. पर परक्याच्या नावानं रडायची पाळी आली ना, तवा मला कळलं की गाण्यात त्याचं त्याचंच असाया पायजे."

ताईंची सगळी कला म्हणजे हा एक नेम. आदल्या दिवशी किंवा सकाळी मयताच्या घरी जायचं, घरच्यांजवळ बसायचं आणि विचारायचं. पराक्रम विचारायचे नाहीत. चहा कपातून प्यायचा का बशीतून? डब्यातलं काय उरवायचा? झोपेत कुणाला हाका मारायचा? त्यातलं एक उचलायचं आणि गाण्याच्या शेवटच्या कडव्यात घालायचं. कुठं लिहायचं नाही. एकदा बांधलं की ते ताईंच्या गळ्यात. दरवर्षी त्या माणसाचा स्मृतिदिन आला की घरचे ताईंना बोलावणार आणि ताई तेच कडवं, तसंच्या तसं गाणार.

म्हणून ताईंच्या चाहत्यांचं प्रेम इतर गायकांच्या चाहत्यांसारखं नाही. लोक ताईंना नुसते ऐकत नाहीत, त्यांच्याकडं आपलं माणूस ठेवायला देतात. डांगे चौकातल्या मंडईत ताईंना मेथीची जुडी निवडावी लागत नाही. भाजीवाली स्वतः निवडून पिशवीत घालते, कारण तिच्या सासऱ्याच्या कडव्यात मेथी आहे. ज्या कंपन्यांतल्या माणसांसाठी ताई गायल्या त्यातल्या कित्येक बंद पडल्या, भोंगे गेले, गेटं गेली, तिथं उंच इमारती आल्या. माणसं कुठच्या कुठं पांगली. पण ताईंचा कार्यक्रम आहे म्हटलं की मोशीहून, चाकणहून, मारुंजीहून दुचाक्या निघतात, मागं म्हातारी आई बसवलेली. आईला ते कडवं ऐकायचं असतं.

एका मोठ्या सभागृहात ताईंचा सत्कार होता. निवेदक शिकलेला मुलगा होता. मनापासून म्हणाला, "ताईंचा आवाज थेट आत्म्याला भिडतो." ताईंनी माईक ओढून घेतला. "आवो भाऊ, आपण आत्मा मानतो का? बाबासाहेबांनी सांगितलेलं इसरलात का काय? काळजाला भिडतो म्हणा. काळीज हाय, डाक्टरला इचारा." सभागृह हसून लोटपोट. निवेदक पुढं तासभर 'काळीज' हा शब्द सांभाळून वापरत होता.

ताईंची ही बाजू फार कमी लोकांना माहीत आहे. मयताच्या गाण्याची बाई म्हणून त्यांना गंभीर समजतात. टेम्पोत बसल्या की ताई आम्हाला जगू देत नसत. आमचा ढोलकीवाला बोहल्यावर चढायला निघाला तेव्हा त्याला म्हणाल्या, "बायकोला आत्ताच सांगून ठेव बाबा, तू चहा कसा पितोस ते. नंतर मला इचारायला बरं." असलं बोलणं दुसऱ्या कुणी केलं असतं तर भांडण झालं असतं.

चाकणच्या एका कारखान्यात भट्टीवर कंत्राटी काम करणारा बिहारचा एक जण गेला. गावाकडून कुणी पोचू शकत नव्हतं. एका खोलीत राहणारी त्याच्या सोबत्यांची टोळी तेवढी होती. त्यातला एक जण कुठून तरी ताईंचं नाव ऐकून मोशीला आला. आमच्यातल्या एकानं ताईंना हळूच सांगितलं, "ताई, तो आपल्यातला नाही. त्यांच्यात असला कार्यक्रमही नसतो."

"भट्टीनं इचारलं होतं का त्याला, कुणातला हायेस?" ताईंनी चपला घातल्यासुद्धा.

त्या खोलीत बसायला जागा नव्हती, आम्ही दारात उभे. ताईंनी सोबत्यांना आपल्या मोडक्यातोडक्या हिंदीत विचारलं. कळलं की तो रोज आईला फोनवर खोटं सांगायचा, की आज भात खाल्ला, पोट भरलं. ताईंनी अर्धं कडवं हिंदीत बांधलं. त्या पोरांनी फोन लावून तिकडं गावी आईच्या कानाला धरायला सांगितलं. पलीकडून काहीच आवाज आला नाही. गाणं संपलं तरी फोन बराच वेळ चालू होता. त्या दिवशी मी पहिल्यांदाच झील अर्धी सोडली.

माझ्या घरचं एक सांगितल्याशिवाय पुढं जाता येत नाही. माझी पत्नी इंदू आजारी पडली तेव्हा ताई मोशीहून बस बदलून येत, तिची वेणी घालून देत आणि जात. औषधाचं, बरं होण्याचं काही बोलत नसत. वेणी घालायला आल्यासारख्या येत. इंदू गेल्यावर पुण्यानुमोदनाच्या सकाळी ताई माझ्यासमोर बसल्या. इतक्या घरांत त्यांना विचारताना मी ऐकलं होतं, आता पाळी माझी होती.

"चिडली की काय करायची?" ताईंनी विचारलं.

"घासलेली भांडी पुन्हा घासायची," मी म्हणालो, आणि मला इंदू दिसली.

दुपारी माझ्याच बायकोच्या गाण्याला मी झील धरायला उभा राहिलो. लोकांनी नको म्हटलं होतं. भांड्यांची ओळ आली आणि माझा आवाज बसला. ताईंनी वळून बघितलं नाही. एकटीनंच ओळ टाकली, एकटीनंच उचलली, पूर्ण कडवंभर. गायकानं स्वतःचीच झील धरणं म्हणजे दम कुठं घ्यायचा हा प्रश्न असतो. मी मागून त्यांचे खांदे बघत होतो. त्यांनी दम घेतलाच नाही.

आता जे लिहायचं ते जड आहे. पण गौरवग्रंथात नुसतं गोड लिहून ताईंचा गौरव व्हायचा नाही.

गेल्या वर्षापासून ताईंचा आवाज घोगरा होत गेला. ज्येष्ठमध झालं, हळदीचं दूध झालं, गरम पाण्याच्या गुळण्या झाल्या. शेवटी ताईंची कन्या रंजना, त्या अंगणवाडीत सेविका आहेत, आईला ओढून दवाखान्यात घेऊन गेल्या. मी सोबत होतो. डॉक्टरीणबाईंनी सरळ सांगितलं. घशात जिथून आवाज निघतो तिथंच गाठ आहे आणि ती साधी नाही. तो भाग काढून टाकावा लागेल. श्वास गळ्याला पाडलेल्या भोकातून घ्यावा लागेल. गाणं कायमचं गेलं. नाही काढलं, तर गाठ थांबणार नाही.

"किती थांबता यील?" ताईंनी विचारलं.

"थांबायचं नाहीच," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

ताई थांबल्या. दिलेली तारीख त्यांनी पुढं ढकलली. मग पुन्हा ढकलली.

बातमी पसरली आणि आपण सगळे चाहते तिथं चुकलो. चूक प्रेमाची होती, पण चूकच. ताईंचा आवाज जाणार म्हटल्यावर लोक मोबाइल घेऊन मोशीला यायला लागले. प्रत्येकाला आपल्या माणसाचं कडवं भरून घ्यायचं होतं. "ताई, आमच्या अण्णांचं तेवढं एकदा." "ताई, माझ्या भावाचं, बसूनच म्हणा, हळू म्हणा." रविवारी तर ताईंच्या दारात दुचाक्यांना जागा उरत नसे. येताना कुणी मध आणी, कुणी काढा आणी. आणि गाठ असलेल्या त्या गळ्यातून ताई एकेकाला त्याचा माणूस काढून देत. चार कडवी झाली की पाणीसुद्धा गिळवत नसे. दवाखान्याचा विषय काढला की म्हणत, "एवढी येऊन जाऊ देत. मग जाऊ."

मी एका रविवारी दारातच खुर्ची टाकून बसलो आणि येणाऱ्यांना परत पाठवायला लागलो. ताई बाहेर आल्या. मला त्या कधी तोडून बोलल्या नव्हत्या.

"माझ्या दारातनं माणूस माघारी धाडणारं तुमी कोण?"

"ताई, तुमच्या जिवाचं—"

"ह्या लोकांची माणसं माझ्यापाशी हायेत, भाऊ. कुठं लिवल्याली न्हाईत. हितं हायेत," त्यांनी गळ्याला हात लावला. "ह्यो कापला की तेवढी माणसं दुसऱ्यांदा मरायची. मग मी जगून काय करू? नुसती भाकरी खाऊ?"

मी खुर्ची उचलली. आत रंजनाताई भिंतीला टेकून उभ्या होत्या. मला म्हणाल्या, "मामा, ह्या लोकांना माझी आई पाहिजे का आईचा आवाज पाहिजे? एकदाचं ठरवून सांगा म्हणावं." माझ्याकडं उत्तर नव्हतं. मलाही इंदूचं कडवं भरून घ्यायचं होतं, हे त्यांना कसं सांगू?

असेच दिवस जात होते. डॉक्टरीणबाईंनी रंजनाताईंना फोन करून सांगितलं, की आणखी उशीर केलात तर मग कापूनही उपयोग नाही. त्यानंतरच्या रविवारी कलावतीबाई आल्या. त्याच, सीतारामच्या. सोबत त्यांचा मुलगा मिलिंद. बाप गेला तेव्हा मांडीवर होता, आता हिंजवडीला संगणकाच्या कंपनीत आहे, मारुंजीला राहतो. आईला मोटारीतून घेऊन आला होता.

मिलिंदनं मोबाइल काढला. ताई पाटावर सावरून बसल्या. "कला, वर्षात किती गं पिकलीस," म्हणाल्या. मग सुरू केलं. घंटीच्या ओळीपर्यंत आल्या आणि 'वळणावर' म्हणताना आवाज फाटला. पुन्हा धरला, पुन्हा फाटला. खोकल्याची उबळ आली. ताईंनी पदर तोंडाला लावला आणि काढला तेव्हा त्यावर रक्त होतं. मिलिंदचा हात खाली आला. रंजनाताई पाणी घेऊन धावल्या.

आणि त्या गडबडीत कलावतीबाई गायला लागल्या.

त्यांना गळा नाही. भाकरी थापताना बाई स्वतःशी म्हणते तसं त्या म्हणत होत्या, जमिनीकडं बघत. घंटीची ओळ झाली, ताटाची झाली. मला वाटलं संपलं. झील धरायची सवय, मी उचलणार इतक्यात त्या पुढं गेल्या:

*लेक तुमचा मोठा झाला, गाडी घेतली चार चाकी,*
*वळणावरती हॉर्न देतो, घंटी तेवढी बाकी.*

 ताईंनी तोंडाशी पुन्हा धरलेला पदर खाली घेतला.

"ही वळ मी न्हाई बांधली," त्या म्हणाल्या. आवाज म्हणण्यासारखा राहिलाच नव्हता.

कलावतीबाई घाबरल्या. "नाही ताई. मीच घातली. यानं गाडी घेतली तेव्हा. याच्या वडलांना सांगायला पाहिजे होतं ना." मग चाचरत म्हणाल्या, "आणखी पण आहेत. नातीच्या बारशाची आहे. खोली सोडली तेव्हाची आहे. चुकलं का माझं?"

"म्हणजे तू म्हणतीस घरी?"

"रोज म्हणते की. भाकरी करताना. तुम्ही वर्षातनं एकदा येता ताई, बाकीचे दिवस काय करू?"

ताई कलावतीबाईंकडं बघत होत्या. झीलकऱ्याला गायकाचं तोंड दिसत नाही असं मी वर लिहिलं. त्या दिवशी मी समोर बसलो होतो आणि मला दिसलं. इतकी वर्षं एकटीनं डोक्यावर धरलेलं ओझं दुसऱ्या कुणीतरी केव्हापासून खालून हात लावून धरलेलं आहे, हे कळल्यावर माणूस आधी सुखावत नाही. आधी लागतं त्याला. ताईंना लागलं. "मग माझी गरज कुठं ऱ्हायली होती," असं काहीसं पुटपुटल्या.

"असं कसं?" कलावतीबाई म्हणाल्या. "तुम्ही विचारलं नसतं तर मला घंटी आठवली असती का?"

त्यावर ताईंनी हातानं खूण केली, पुन्हा म्हण. कलावतीबाईंनी पहिल्यापासून धरलं. आणि दर ओळीच्या शेवटी ताई, शेवंताताई ओव्हाळ, त्या फाटक्या आवाजात मागून झील धरत होत्या. मिलिंदनं मोबाइल कधीच खिशात ठेवला होता. बरं केलं. त्या दुपारचं काही भरून घेतलेलं नाही आणि घ्यायलाही नको होतं.

गाणं संपलं तेव्हा ताई म्हणाल्या, "रंजे, डाक्टरणीला फोन लाव."

नंतर आम्ही विचारपूस केली तेव्हा कळलं, की हे एकट्या कलावतीबाईंचं नाही. मंडईतली भाजीवाली सासऱ्याचं कडवं म्हणत जुड्या बांधते. कुणी शिफ्टला जाताना म्हणतं, कुणी लेकराला झोपवताना. कडवी वाढलीत, बदललीत, काही ठिकाणी तर चालही दुसरीच झालीय. ताईंच्या पुढं म्हणायचं धाडस तेवढं कुणी केलं नव्हतं. त्यांच्यासमोर आपण काय गायचं, या आदरापोटी सगळे गप्प बसले, आणि त्या आदरानं ताईंचा जीव घ्यायचाच बाकी ठेवला होता. रंजनाताईंच्या प्रश्नाचं उत्तर आता माझ्याकडं आहे. आम्हाला ताई पाहिजेत. आवाज आमच्याकडं आहे.

शस्त्रक्रिया झाली. डॉक्टरीणबाई आश्वासन देत नाहीत. उशीर झालाय, गाठ थोडी पसरलीय, किरणांचा शेक चालू आहे. शेकाच्या दिवशी ताईंना उलट्या होतात आणि दोन दिवस मान हलवत नाही. खोटं लिहिणार नाही, काही दिवस ताई भिंतीकडं तोंड करून पडून असतात आणि जवळ कुणी गेलेलं त्यांना आवडत नाही. जिनं एवढ्या लोकांना शब्द दिले तिला पाणी मागायला हाताची खूण करावी लागते. हे बघवत नाही. पण बघायला जायचं असतं.

समितीच्या बैठकीत पंचाहत्तरीच्या कार्यक्रमाचं ठरवताना एक जण म्हणालाच, "ताई गाणार नाहीत तर लोक येतील का?" त्याला काय उत्तर मिळालं ते इथं छापण्यासारखं नाही. कार्यक्रमाला येणाऱ्या सर्वांना या लेखातून माझी हात जोडून विनंती आहे. ताई मंचावर बसतील, गळ्याला रुमाल असेल. "एक तरी गाणं" असं कुणी चुकूनही म्हणू नये. मोबाइल खिशात ठेवावेत. ज्याला आपल्या माणसाचं कडवं येतं त्यानं ते मंडपात मोठ्यानं म्हणावं, चुकलं तरी चालेल, वाढवलेलं असेल तर वाढवलेलं म्हणावं. झील आम्ही धरू.

शेवटी एकच सांगतो. शस्त्रक्रियेच्या सकाळी दवाखान्यात ताईंनी मला जवळ बसवून घेतलं. त्यांच्या आवाजाची ती शेवटची सकाळ. फार कष्टानं बोलत होत्या.

"भाऊ, समद्यांची मी बांधली. माझं कोण बांधणार?"

मी त्यांच्या अंगावरची चादर सारखी केली.

"तुमीच बांधा. इचारा मला. नीट इचारा. चहा कपातनं का बशीतनं, तिथनं सुरू करा." आणि हसल्या. टेम्पोत हसायच्या तशाच.

परिचारिका बाई त्यांना न्यायला येईपर्यंत मी तिथं बसून होतो. मी एकही प्रश्न विचारला नाही. ताईंना राग आला असेल. आला तर आला.

ताई, हा ग्रंथ तुमच्या हातात पडेल तेव्हा हे तुम्ही वाचाल म्हणून इथंच सांगतो. इतकी वर्षं तुमच्या मागं उभा आहे. तुम्ही चहा कसा पिता, चिडल्यावर काय करता, दारातून आत येताना आधी काय बघता, हे विचारायची मला गरज नाही, मला सगळं ठाऊक आहे. पण ते कडव्यात घालायला मी बसणार नाही. तुमचं गाणं बांधायचं काम माझ्या वाट्याला येऊ नये. माझ्यानंतर जो तुमच्या मागं उभा राहील त्याच्याही वाट्याला लवकर येऊ नये. शेक संपू दे, जेवण गोड लागू दे, भिंतीकडचं तोंड आमच्याकडं वळू दे. माझ्या घरची भांडी घासलेली आहेत. एकदा या आणि माझ्यासमोर बसून चहा प्या. मी बघत बसेन आणि कुणाला सांगणार नाही.

— भानुदास सरवदे, थेरगाव